जळगाव जिल्ह्यातून आठ जणांनी लहान गाडीने सह्याद्रीचे घाट आणि कोकणकिनारा कसा पाहावा?

आपण विचारले आहे की, पाचोऱ्याच्या आसपासची आपली आठ माणसे आहेत, त्यांत दोघे सत्तरीचे आहेत, आणि मोठ्या बसच्या सहलीऐवजी एखादी टेम्पो ट्रॅव्हलर करून सह्याद्रीचे घाट आणि समुद्र एकाच फेरीत पाहायचा आहे, तर गाडी कुठून ठरवावी, कोणत्या वाटेने जावे आणि किती दिवस काढावेत. मी अमळनेरची. गेली काही वर्षे दिवाळीनंतर आम्ही आठ-नऊ जण अशीच फेरी करतो, म्हणून अनुभवावरून लिहिते.

पहिली गोष्ट आग्रहाने सांगते, कारण आपण नेमके याच्या उलट ठरवत आहात असे प्रश्नावरून दिसते. खान्देशातून गाडी नेऊ नका. रेल्वेने जा आणि गाडी व चालक तिकडचाच घ्या. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, पुणे, कराड अशा वाटेने जाते. रात्र गाडीत निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी आपण ताज्या डोळ्यांनी कोल्हापुरात उतरतो. याउलट जळगावहून रस्त्याने नुसते पुणे गाठायलाच जवळजवळ चारशे किलोमीटर पडतात. तेवढे अंतर कापून आलेला चालक घाटाच्या तोंडाशी पोचतो तेव्हा तो थकलेला असतो, आणि घाट उतरण्याचे काम तर तिथून पुढे सुरू होते.

आमच्या पहिल्या फेरीत ही चूक आम्ही केली होती. चालक आमच्याच गावचा, माणूस सज्जन, सुरतच्या महामार्गावर अनेक वर्षे गाडी चालवलेला. परंतु रात्रभर गाडी हाकून आलेला, आणि सपाटीच्या सवयीने प्रत्येक वळणावर ब्रेक दाबणारा. कराडहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट अर्धा उतरलो आणि गाडीत जळक्या रबरासारखा वास पसरला. उतरून पाहिले तर मागच्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. पाऊण तास आम्ही कठड्याशी बसून राहिलो. गटातल्या एका काकांनी चाकावर पाणी ओतायला बाटली उघडली होती, तेवढ्यात खालून आलेल्या एका ट्रकवाल्याने त्यांना थांबवले. चाकातल्या ब्रेकच्या तापलेल्या लोखंडी ड्रमवर एकदम थंड पाणी पडले तर तो तडकतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

पुढच्या वर्षी कोल्हापूरचा चालक होता. कोल्हापूर-रत्नागिरी वाटेवरच्या आंबा घाटाच्या माथ्यावर त्याने गाडी थांबवली, ब्रेक दोनदा दाबून पाहिला, चाकांना हात लावून आला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उताराला लावली. मी सहज विचारले, तर म्हणाला, “ताई, उतारावर गाडी ब्रेकवर न्हाई, गिअरवर उतरवायची.” इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि गाडी न्यूट्रल करून इंधन वाचवायला जायचे नाही, एवढे आपणही लक्षात ठेवा. चालक तसे करत नसेल तर संकोच न करता त्याला सांगा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी हा नियमही घाटातले चालक कटाक्षाने पाळतात.

आपल्याकडच्या घाटांवरून या घाटांची कल्पना करू नये. तोरणमाळला जाताना आपण डोंगर चढतो आणि माथ्यावर पोचतो. चाळीसगावहून कन्नडला जातानाही पायथ्यापासून चढच असतो. कोल्हापुरातून आंब्याकडे जाताना मात्र फारसे चढल्यासारखे वाटतच नाही. मलकापूरपर्यंत ऊस, भातखाचरे आणि हळूहळू उंचावत जाणारी जमीन असते, आणि आंबा गाव मागे पडले की जमीन एकाएकी संपते. समोर दरी आणि खाली कोकण. लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा हा बेसाल्ट तयार झाला, आणि त्याचा पश्चिमेकडचा कडा झिजत झिजत असा तुटल्यासारखा उभा राहिला. पावसाळ्यानंतर दरीपलीकडच्या कड्यात या थरांच्या पायऱ्या स्पष्ट मोजता येतात. सातपुड्यातल्या सागाच्या पानगळीच्या रानाची ज्याला सवय आहे, त्याला इथले सदाहरित दाट रान पाहून काही वेळ बोलणे सुचत नाही; निदान मला तरी सुचले नव्हते.

आता वाट. आमची आता ठरून गेलेली फेरी चार दिवसांची आहे. पहिल्या दिवशी कोल्हापूरला उतरून अंबाबाईचे दर्शन, जेवण, आणि दुपारनंतर निघून संध्याकाळपर्यंत आंबा गाव. मुक्काम घाटमाथ्यावरच करावा, कारण सकाळी धुके दरीतून वर येते आणि उन्हाबरोबर विरत जाते, ते पाहण्यासाठी तिथेच जागे व्हावे लागते. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर घाट उतरून साखरपा, रत्नागिरी, आणि दुपार कलल्यावर आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे. तिसऱ्या दिवशी जयगडला जाऊन गाडीसकट फेरीबोटीने तवसाळ, तिथून हेदवी, वेळणेश्वर आणि मुक्काम गुहागरला. चौथ्या दिवशी पहाटे निघून चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, आणि कराडला परतीची रेल्वे. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून त्यावरून गुहागरहून निघण्याची वेळ ठरवावी, आणि मध्ये दोन-तीन तास मोकळे ठेवावेत.

ही फेरी मी मुद्दाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सांगितली आहे. किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना समुद्र आपल्या डाव्या हाताला असतो, आणि आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे गाडी समुद्राच्या अंगाला राहते, समोरून येणारी वाहने मध्ये येत नाहीत, आणि कुठे थांबावेसे वाटले तर रस्ता ओलांडावा लागत नाही. गटात म्हातारी माणसे असली की हा फरक फार मोठा ठरतो. एके वर्षी आम्ही उलट दिशेने गेलो होतो, तेव्हा आमच्या सासूबाईंना आरे-वारेच्या वळणावर रस्ता ओलांडून नेताना माझा जीव मुठीत होता.

आरे-वारेचा रस्ता हा या फेरीचा गाभा आहे, म्हणून त्याला घाई करू नका. आरे आणि वारे या दोन पुळणींमधला डोंगर चढून रस्ता वर येतो, आणि माथ्यावरून दोन्हीकडे वाळूच्या कमानी आणि समोर अथांग पाणी दिसते. वर एक थांबा आहे, तिथे सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचावे. मोठ्या बसने गेलेल्या सहलीला हे मिळत नाही. एकदा आम्ही एका प्रवासी कंपनीच्या पस्तीस आसनी बसने गेलो होतो, तेव्हा वेळापत्रक सांभाळायचे म्हणून बस सरळ महामार्गाने गणपतीपुळ्याला नेली आणि हा रस्ता आम्हाला कळलाही नाही. लहान गटाचा खरा लाभ हाच की, “इथे थांबा” म्हटले की गाडी थांबते. पण खाली पाण्यात मात्र उतरू नका. तिथला उतार आणि ओढ फसवी आहे, आणि तिथे पर्यटक बुडालेले आहेत.

जयगड-तवसाळ ही फेरीबोट शास्त्री नदीची खाडी ओलांडते. तापीकाठच्या माणसाला नदी समुद्राला मिळताना पाहण्याचे अप्रूप असते, आणि इथे ते बोटीच्या कठड्याशी उभे राहून पाहता येते. गाडी बोटीवर चढली की सर्वांनी खाली उतरावे, काचा चढवून आत बसून राहू नये.

हेदवीला दशभुज गणेशाच्या मंदिराइतकीच पाहण्यासारखी जागा म्हणजे किनाऱ्यावरची बामणघळ. खडकातल्या एका अरुंद घळीत भरतीचे पाणी घुसते आणि कारंज्यासारखे उसळते. ओहोटीला गेलात तर कोरडा खडक पाहून परत याल. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणात अजून चालते: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. थोडे मागेपुढे होते, पण घरून निघतानाच कालनिर्णय पाहून तिसऱ्या दिवसाची आखणी करता येते. घळीच्या अगदी काठाशी जाऊ नये, कारण शेवाळ्यावरून पाय सटकतो.

कुंभार्ली चढताना गटातल्या माणसांना एक गोष्ट अवश्य सांगा. कोयना ही मुळात पूर्वेकडे वाहून कृष्णेला मिळणारी नदी. धरणाने तिचे पाणी शिवसागर जलाशयात अडवले, आणि त्यातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात नेऊन पश्चिमेकडे सोडले. ज्या उंचीवरून आपली गाडी धापा टाकत चढते, त्याच उंचीच्या फरकावर १,९६० मेगावॉटचा प्रकल्प चालतो, आणि वीज निर्माण करून झालेले पाणी पुढे चिपळूणच्या वाशिष्ठीत जाते. हे कळले की खिडकीतून दिसणारी दरी वेगळीच दिसू लागते. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप याच परिसरातला. आमच्या गटातल्या वडीलधाऱ्यांना त्याच्या बातम्या अजून आठवतात.

गाडी ठरवताना पिवळी पाटी पाहावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणारे स्वस्तात देतात, पण ती भाड्याने चालवण्याचा परवाना तिला नसतो, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकतो. आठ जणांसाठी तेरा आसनी ट्रॅव्हलर घेऊन शेवटची रांग सामानासाठी सोडावी. टपावर बांधलेल्या सामानाने वळणावर गाडी जास्त डोलते.

भाड्याची बोलणी मात्र जपून करा. गाडीवाले सहसा किलोमीटरला अमुक दर आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटर असा हिशेब धरतात. वर सांगितलेली अख्खी फेरी, इकडेतिकडे वळण्यासह, सुमारे ४०० किलोमीटरची आहे. किमान ३०० च्या हिशेबाने चार दिवसांचे १,२०० किलोमीटर होतात, म्हणजे न चाललेल्या ८०० किलोमीटरचे पैसे आपण देतो. त्याऐवजी दिवसाचा ठरावीक दर मागा, त्यात डिझेल, चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल, फेरीबोट आणि कराडहून रिकामी परत जाणारी गाडी हे सगळे धरून एकच आकडा लिहून घ्या. चालकाच्या झोपण्याची सोयही आधी विचारा. त्याला रात्री गाडीतच झोपायला लावून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून घाटात सावधपणाची अपेक्षा करणे मला पटत नाही. आम्ही त्याच्यासाठी एक खाट नेहमी धरतो.

ज्यांना गाडी लागते त्यांना चालकाशेजारी किंवा त्यामागच्या रांगेत बसवा. मागच्या चाकाच्याही मागे असलेले आसन वळणावर सर्वांत जास्त फेकले जाते. घाटाआधी पोटभर जेवू नये आणि मोबाइलमध्ये पाहत बसू नये. आवळासुपारी आणि आलेपाक जवळ असावा.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा घ्यावा. पावसाळ्यातले धबधबे मोह घालतात, पण २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण पाण्याखाली गेले, महाडजवळचे तळिये दरडीखाली गाडले गेले आणि घाटरस्ते खचले, हे विसरून सत्तरीच्या माणसांना जुलैत घाटात नेऊ नये. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला आठवडा आणि नाताळ टाळलात तर गणपतीपुळ्याला खोल्या सहज मिळतात आणि आरे-वारेला गाडी लावायला जागा असते.

जेवणाचे एकच सांगते. गुहागर भागात घरगुती खानावळीत शाकाहारी जेवण उत्तम मिळते, आमसुलाचे सार, घावन आणि आधी सांगितले तर उकडीचे मोदकही. परंतु आपल्या शेवभाजीच्या आणि भरताच्या जिभेला तिसऱ्या दिवशी नारळाचे गोडसर जेवण नकोसे होऊ लागते, विशेषतः वडीलधाऱ्यांना. शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा घरून डब्यात भरून न्या, आणि थोडा जास्तच न्या, कारण चालकही मागतो.