पिळाची कानपट्टी: तुमच्या शंका, माझी उत्तरं

थंडी पडली की विणकामाचे प्रश्न वाढतातच. यंदा त्यात कानपट्टीचे सगळ्यांत जास्त आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पीळ, म्हणजे विणीत वेणीसारखी उठून दिसणारी नक्षी, शिकायला स्वेटरपेक्षा कानपट्टी कितीतरी बरी. पन्नास ग्रॅमचा एक गुंडा पुरतो, काम मांडीवर मावतं आणि चार-पाच संध्याकाळींत हातावेगळं होतं.

सुलट-उलट टाके येतात, पण पीळ कधी घातला नाही. पहाटे शेतावर जाताना कान झाकेल अशी सोपी पट्टी सांगाल का? पिळाची वेगळी सुई माझ्याकडे नाही. (निफाड)

पीळ हा नवा टाका नाहीच. टाके आपले सुलटच, फक्त त्यांनी एकमेकांची जागा घ्यायची.

मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्या. काळ्या किंवा ठिपक्याठिपक्यांच्या लोकरीत पीळ दिसत नाही, मेहनत वाया जाते. आपल्याकडच्या ८ नंबरच्या सुयांवर २० टाके घाला. बाहेरच्या बाजूची ओळ: ३ सुलट, ४ उलट, ६ सुलट, ४ उलट, ३ सुलट. आतल्या बाजूची ओळ: ७ सुलट, ६ उलट, ७ सुलट. आठ ओळींचा एक फेर धरा आणि प्रत्येक फेराच्या पाचव्या ओळीत पीळ घाला. ही ओळ बाहेरच्या बाजूची असते.

पिळापाशी आलात की सहापैकी पहिले ३ टाके न विणता जादा सुईवर उतरवा आणि सुई पुढे, म्हणजे तुमच्याकडे, लोंबती सोडा. पुढचे ३ टाके सुलट विणा. मग जादा सुईवरचे ३ सुलट विणा. झाला पीळ, तो डावीकडे झुकेल. जादा सुई पुढे न सोडता मागे सोडली तर उजवीकडे झुकेल. कोणतीही एक दिशा धरा, पण शेवटपर्यंत तीच ठेवा.

जादा सुई नसेल तर अंबाड्याचा आकडा घ्या. त्याच्या वाकलेल्या आकारामुळे टाके सुटून पळत नाहीत. फक्त टोकं गुळगुळीत आहेत ना, ते बोट फिरवून पाहा.

लांबी डोक्याच्या घेरापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर कमी ठेवा. घेर ५५ असेल तर ४९-५० वर थांबा. वीण ताणली जाते, म्हणून मापाची विणलेली पट्टी आठवड्यात कपाळावरून डोळ्यांवर येते.

पीळ घालताना टाके इतके घट्ट होतात की सुई सरकत नाही. शिवाय पिळाच्या डाव्या कडेचा टाका मोठा, लोंबल्यासारखा दिसतो. (सातारा)

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण कारणं वेगळी. पिळाच्या ओळीत तीन टाक्यांना शेजारच्या तिघांना ओलांडून जावं लागतं, तेव्हा ताण येणारच. त्याची तयारी आधीच्या ओळीत करायची. ते सहा उलट टाके सुईच्या टोकावर नाही, जाड भागावर आणून विणा, म्हणजे त्यांत सैलपणा राहतो. पिळाच्या ओळीत घाई नको, आणि जादा सुई ओढून धरू नका.

कडेचा मोठा टाका मात्र हात सैल असल्यामुळे होत नाही. शेवटच्या सुलट टाक्यानंतर लगेच उलट टाका येतो, तेव्हा धागा मागून पुढे आणताना थोडा जास्त जातो आणि तो जास्तीचा धागा त्या सुलट टाक्यात साठतो. म्हणून पिळानंतरचा पहिला उलट टाका विणला की धागा किंचित ओढा, दुसऱ्यालाही तसंच करा. इथे दोनच टाके सांभाळायचे आहेत. चार ओळींत फरक दिसेल.

साध्या विणीचा नमुन्याचा तुकडा विणून, मोजून टाके घातले, तरी पट्टी ठरवल्यापेक्षा दीड सेंटीमीटर अरुंद झाली. (पुणे)

पीळ कापड आत ओढतो. सहा टाक्यांचा पीळ साधारण चारच टाक्यांची जागा घेतो. नमुन्याचा तुकडा नेहमी पट्टीच्याच विणीचा करावा, निदान दोन पीळ पडेपर्यंत. पट्टी पुन्हा करणार असाल तर दोन्ही बाजूंना उलट टाके चाराऐवजी सहा करा. पिळाला हात लावू नका.

वीस ओळी विणून झाल्यावर दिसलं की एक पीळ उलट्या दिशेला गेला आहे. सगळं उसवू का? (नागपूर)

नको, थांबा. असं पत्र आलं की माझा जीव तुटतो, कारण किती जणी इथेच सुया बाजूला ठेवतात हे मी पाहिलं आहे. चूक सहा टाक्यांत आहे, तर तेवढेच सहा उसवायचे. बाकीचे चौदा सुईवर निवांत राहू द्या.

आधी चुकलेल्या पिळाच्या लगेच खालची ओळ शोधा आणि तिथल्या सहाही टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घ्या. आता वरचे सहा टाके सुईवरून सोडा आणि त्या दोऱ्यापर्यंत हलक्या हाताने सुटू द्या. मागे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. एक पायरी म्हणजे एक ओळ. त्या मोजा, चुकलेल्या पिळाची ओळ धरून तिच्यावर विणलेल्या ओळींइतक्या भरल्या पाहिजेत.

दोन्ही टोकं उघडी असलेल्या दोन आखूड सुया घ्या. दोऱ्यावरचे सहा टाके एका सुईवर घेऊन सर्वांत खालच्या पायरीचा धागा धरा. ही पिळाची ओळ, म्हणून इथे योग्य दिशेचा पीळ घाला. मग टाके सुईच्या उजव्या टोकाकडे सरकवा, वरची पायरी घ्या, सहा सुलट विणा. पुन्हा सरकवा. बाहेरच्या बाजूने पिळाचे टाके प्रत्येक ओळीत सुलटच दिसतात, त्यामुळे उलट टाक्याचा विचारच नाही. वाटेत दुसरा पीळ येत असेल तर त्याच्या पायरीवर तो घाला. शेवटी थोडे वेडेवाकडे दिसणारे टाके सुईच्या टोकाने इकडेतिकडे ओढले आणि एकदा धुतले की सारखे होतात.

आणखी एक सांगते. वहीत रेघा मारून ओळी मोजण्यापेक्षा कापड वाचायला शिका. पीळ पडतो तिथे त्याच्या मागे बोटाचं टोक जाईल अशी फट असते. तिथे बोट घाला आणि पिळाची कड जरा ताणून सुईपर्यंतच्या पायऱ्या मोजा. किती ओळी झाल्या ते कापडच सांगतं. मध्येच दाराची बेल वाजली, दूध उतू गेलं, तरी गोंधळ होत नाही.

मुलगी न्यू जर्सीहून नमुना पाठवते. त्यात ८ नंबरची सुई आहे. इथल्या ८ नंबरवर केली तर पट्टी लहान मुलाची झाली! (ठाणे)

तुमचा हात बरोबर आहे, नंबर वेगळे आहेत. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मोजणी चालते. तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते आणि तिथला ८ म्हणजे ५ मिलिमीटर. तुम्हाला आपल्याकडची ६ नंबरची सुई हवी होती. लोकरही त्याच जाडीची घ्या. मुलीला यापुढे मिलिमीटरच विचारा.

दोन टोकं जोडताना मागे जाड वळ येतो, कपाळाला टोचतो. (कोल्हापूर)

शिवणीत दोन्ही कडा आत दुमडल्या जातात, त्याचा तो वळ. कडा एकमेकींवर न ठेवता समोरासमोर टेकवा आणि त्याच लोकरीने टाक्याला टाका जोडत जा. जोड मानेवर येऊ द्या, कपाळावर नको.

आयर्लंडमध्ये प्रत्येक घराण्याचा पीळ वेगळा असे आणि बुडालेला कोळी स्वेटरच्या विणीवरून ओळखत, हे खरं का? (मडगाव)

गोष्ट हृदयाला भिडते, पण घराण्यांच्या पिळांना इतिहासात आधार नाही. अॅरन बेटांवरचे हे स्वेटर साधारण शंभर-सव्वाशे वर्षांचे. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मंडळाने त्या गरीब किनाऱ्यावर विणकामासारख्या घरगुती उद्योगांना हात दिला आणि बायकांनी विकण्यासाठी विणलं. ओळख पटवण्याची कल्पना बहुधा जे. एम. सिंग यांच्या १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकातून पसरली. त्यात बहीण भावाचा मोजा ओळखते, पण पिळावरून नाही. तिने साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार सुटले होते. स्वतःच्या हातचे सुटलेले टाके कोणतीही विणणारी ओळखेल, एवढं त्यातलं मला खरं वाटतं.

आईसाठी केलेल्या पट्टीवर गरम इस्त्री फिरवली आणि पीळ चपटे, लुळे झाले. परत उठतील का? (नाशिक)

लोकर ॲक्रिलिक असेल तर नाही उठणार, वाईट वाटतं सांगताना. ॲक्रिलिकचा धागा उष्णतेने कायमचा ढिला पडतो. दुकानात त्यालाही लोकरच म्हणतात. लेबल नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

नव्या पट्टीला इस्त्री लावूच नका. कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सपाट जागी सावलीत पसरा. ओली असतानाच प्रत्येक पीळ दोन्ही कडांनी चिमटीत धरून वर उचला आणि तसाच वाळू द्या. चपटी झालेली पट्टी मऊ पडली असेल. तिचा तुकडा नव्या पट्टीला कानांपाशी आतून लावा. आईच्या कानाला वारा लागणार नाही.