कपाटाच्या दारावर सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) बसवलं, मधे फुगा आलाय, सगळं उकलायला लागेल का?

नाही वो, अजिबात उकलू नका. सरस वाळला तरी उष्णता आणि ओल मिळाली की परत मऊ होतो, म्हणूनच तर जुने मिस्त्री त्याला धरून असायचे. नखाने टकटक करत जावा, पोकळ आवाज येईल तेवढ्याच भागावर ओलसर फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवा आणि लगेच व्हिनिअर हॅमर घ्या (रुंद चपट्या तोंडाचं हत्यार, त्यानं ठोकायचं नसतं, दाबून मधनं कडेकडं ओढत न्यायचं), हवा निघून जाते. तरी बसलं नाही तर तिथं सरसच कमी पडलाय, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ब्लेडने बारीक चीर द्या, गरम सरस आत सारा, परत दाबा.

आणि सरस थेट गॅसवर ठेवता काय? तसं करू नका, खडे थंड पाण्यात भिजवून फुगू द्या, मग डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, साधारण ६० अंश, उकळला की त्याची ताकद जाते. व्हिनिअरचे तुकडे जोडून केलेली नक्षी असेल तर पाणी जपूनच, तुकडे फुगतात आणि वाळल्यावर सांधे उघडे पडतात. आपल्या कोल्हापुरात जुलैच्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, पॉलिशची घाई नको.