पंप बंद करताच भूजलातील सॉल्व्हंट पुन्हा का वाढते?

आपण विचारले आहे की, धातूचे भाग धुण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन हे सॉल्व्हंट (तेलकट मळ विरघळवणारा द्रव) वापरणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या जागेत सात वर्षे भूजल उपसून कार्बनमधून गाळले जात आहे, सुरुवातीला पाण्यातील त्याची मात्रा झपाट्याने उतरली, मग एका आकड्यावर अडून बसली आणि पंप बंद ठेवताच पुन्हा चढली. तर आता मोठे पंप बसवावेत का? भूजल शुद्धीकरणाच्या कामात बरीच वर्षे काढल्यावर मी एवढे ठामपणे सांगेन की बसवू नयेत.

हे सॉल्व्हंट पाण्याहून जवळजवळ दीडपट जड असते. सांडलेले डिझेल भूजलावर तरंगते, हे मात्र पाण्यातून खाली बुडत जाते, चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचते आणि थराच्या उताराने, कधी कधी भूजलाच्या प्रवाहाच्या उलट दिशेनेही, सरकते. दरम्यान त्याचा विरघळलेला अंश वर्षानुवर्षे चिकणमातीत मुरत राहतो. पंप पाणी ओढतो ते वाळूच्या थरातून. चिकणमातीतून जवळजवळ काहीच येत नाही. त्यामुळे वाळू स्वच्छ झाली की मुरलेला अंश आल्या वाटेने परत झिरपू लागतो, आणि या झिरपण्याचा वेग पंपाच्या अश्वशक्तीवर अवलंबून नसतो. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेतील मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक लिटर सॉल्व्हंट सुमारे २९ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकते.

म्हणून आधी साठा नेमका कुठे आहे ते शोधावे. निरीक्षण विहिरीच्या पाण्यात अनेक थरांचे पाणी मिसळलेले असते, त्यामुळे तिच्या आकड्यावरून हे कळत नाही. एका जागेवर आम्ही पारदर्शक नळीतून मातीचा गाभा काढला, तो उभा चिरला आणि थोड्या थोड्या अंतरावर माती तपासली. वरची करडी वाळू जवळपास स्वच्छ निघाली, आणि तिच्याखालच्या चिकणमातीच्या पहिल्या चार बोटांतच सगळे दडलेले होते. गाभा उघडल्याबरोबर नमुना मिथेनॉलच्या बाटलीत टाकणे मात्र अत्यंत आवश्यक आहे, कारण थोड्या मिनिटांच्या उशिरानेही सॉल्व्हंट उडून जाते आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

साठा सापडल्यावर उपाय मातीवरून ठरवावा. भूजल पातळीच्या वर कोरडी वाळू असेल तर बाष्प शोषून घेणे स्वस्त आणि परिणामकारक ठरते. ओल्या चिकणमातीत त्याचा उपयोग नाही. सॉल्व्हंटचे विघटन करणारे परमँगनेट हे रसायन जमिनीत सोडल्यास ते मातीतील सेंद्रिय द्रव्यावरही खर्च होते, त्यामुळे आपल्याच जागेच्या मातीवर प्रयोगशाळेत चाचणी केल्याशिवाय मात्रा ठरवू नये. दूषित चिकणमातीचे क्षेत्र लहान असेल तर मी जमिनीत इलेक्ट्रोड बसवून ती तापवण्याच्या बाजूने आहे. चिकणमातीतून वीज वाळूपेक्षा चांगली वाहते, आणि पाणी व हे सॉल्व्हंट एकत्र असताना ते सुमारे ७३ अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. निघणारे बाष्प मात्र ओढून घेण्याची सोय हवीच.

प्रवाहाबरोबर दूर पसरलेल्या विरळ भागासाठी डीहॅलोकॉकॉइडीस हे जिवाणू उपयोगी पडतात. खाद्य म्हणून वनस्पती तेलाचे इमल्शन जमिनीत सोडले जाते आणि जिवाणू रेणूतील क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. ही क्रिया मध्येच थांबली तर व्हिनाइल क्लोराइड साचते, आणि ते कर्करोगकारक असल्याने निव्वळ ट्रायक्लोरोइथिलीन घटल्याचे पाहून समाधान मानू नये. सगळे क्लोरीन निघाल्यावर उरणारे निरुपद्रवी इथिन तयार होते आहे का, हे प्रत्येक फेरीत मोजावे. तोपर्यंत सध्याचे पंप दूषित पाणी हद्दीबाहेर जाऊ नये एवढ्यासाठी चालू ठेवावेत.

आपण इमारतींचा उल्लेख केलेला नाही, पण त्या जागेवर किंवा शेजारी माणसे वावरत असतील तर यातले काहीही ठरण्याआधी फरशीखालील आणि खोलीतील हवा तपासून घ्यावी, कारण हे बाष्प भेगांतून आणि पाइपांच्या कडेने आत शिरते व वास येण्याइतके नसतानाही घातक असू शकते.