खेळाडूवर मैदानाबाहेरचा आरोप झाला की लीगने त्याला लगेच बाजूला बसवावं, की कोर्टाच्या निकालापर्यंत थांबावं?

तुम्ही दोनच पर्याय दिलेत, एकतर लगेच बाहेर काढा नाहीतर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत गप्प बसा. मला वाटतं घोळ तिथंच होतो. कारण खेळाडूला तात्पुरतं बाजूला बसवणं हे एक काम आणि त्याला शिक्षा देणं हे वेगळं काम, आणि बहुतेक लीगनी कधी ना कधी ह्या दोन्हींची गल्लत केलीय.

मी वकील वगैरे नाही. क्रिकेट नि फुटबॉल बघते, आणि एका ऑफिसच्या अंतर्गत तक्रार समितीवर तीन वर्षं होते, एवढीच काय ती पात्रता. त्या समितीत पहिल्यांदा बसले तेव्हा मीही म्हणायचे की पोलिस बघतील, कोर्ट बघेल, आपण कोण ठरवणारे. मग हळूहळू कळलं की कोर्टापुढचा प्रश्न वेगळा असतो नि आपल्यापुढचा वेगळा. कोर्टाला ठरवायचं असतं की ह्या माणसाला तुरुंगात टाकायचं का, म्हणून तिथं जरा जरी रास्त शंका उरली की माणूस सुटतो, आणि ते बरोबरच आहे. मालकाला ठरवायचं असतं की हा माणूस उद्या सकाळी इथं कामाला येणार का. त्याला तेवढा कडक पुरावा लागत नाही, दोन्ही बाजू ऐकून काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं बघितलं तरी चालतं. त्यामुळे "कोर्टाने सोडलं म्हणजे लीगने काही करायचंच नाही" हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने २०१५ मध्ये खेळाडूंच्या युनियनबरोबर बसून घरगुती हिंसाचाराचं धोरण लिहिलं, त्यात स्पष्ट आहे की पोलिसांनी गुन्हा दाखल केला नाही तरी लीग शिक्षा देऊ शकते. २०१६ मध्ये अरोल्डिस चॅपमनला त्याखाली पहिली शिक्षा झाली, ३० सामने, आणि त्याच्यावर केस झालीच नव्हती.

पण ह्याचा अर्थ लीग म्हणेल ते असाही नाही हां. बेसबॉलच्याच ट्रेव्हर बाउअरला लीगने २०२२ मध्ये ३२४ सामन्यांची बंदी घातली, म्हणजे दोन अख्खे सीझन, तो आरोप नाकारत होता आणि सरकारी वकिलांनी केस न करायचं ठरवलं होतं, मग तो लवादाकडे गेला आणि तटस्थ लवादाने वर्षाच्या शेवटी बंदी कायम ठेवली पण १९४ सामन्यांवर आणली. मला ह्यात आकड्यापेक्षा ही गोष्ट महत्त्वाची वाटते की ज्याने शिक्षा दिली त्याच्याकडेच अपील करावं लागलं नाही.

आता बाजूला बसवण्याबद्दल. कधी बसवायचं हे आधी लिहून ठेवलं नसेल तर काय होतं त्याचा नमुना म्हणजे बेन स्टोक्स. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलला नाइटक्लबबाहेर मारामारी झाली, अटक झाली, व्हिडिओ आला, आणि इंग्लंडने त्याला ॲशेसला ऑस्ट्रेलियात नेलंच नाही. तेव्हा त्याच्यावर आरोपपत्र नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये आरोप रीतसर ठेवले गेले, आणि बोर्ड म्हणालं की खटल्याला वेळ लागेल, तेव्हा आता तो निवडीसाठी उपलब्ध आहे, नि गडी फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये खेळत होता! म्हणजे केस नव्हती तेव्हा घरी नि केस उभी राहिल्यावर संघात. उलटा कारभार. ऑगस्टमध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं, तरी डिसेंबरमध्ये क्रिकेटच्या शिस्त आयोगाने खेळाची बदनामी केली म्हणून ८ सामन्यांची बंदी नि ३०,००० पाउंड दंड दिला, मात्र आधी हुकलेले सामने त्यात धरले, त्यामुळे त्याला आणखी एकही सामना बाहेर बसावं लागलं नाही. हे शेवटचं मात्र बरोबर केलं असं मी म्हणेन. आधी बसवलेला काळ शिक्षेतून वजा झालाच पाहिजे, नाहीतर एकाच गोष्टीची दोनदा वसुली होते.

ह्या बाबतीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल रग्बी लीगचा नियम. २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा ११ वर्षं किंवा त्याहून जास्त तुरुंगवास आहे असा गुन्हा खेळाडूवर दाखल झाला की तो आपोआप बाजूला बसणार, पगार चालू राहणार, ट्रेनिंगला येता येणार, फक्त मॅच खेळता येणार नाही. तो दोषी आहे असं कोणी म्हणत नाही, नियमाच्या नावातच "नो फॉल्ट" आहे. त्याखालच्या गुन्ह्यांसाठी लीगच्या प्रमुखाने प्रकरण बघून ठरवायचं. ह्यातली "आपोआप" ही गोष्ट मला फार आवडते, कारण मग फायनल पुढच्या आठवड्यात आहे का, खेळाडू कॅप्टन आहे का, स्पॉन्सर कोण आहे, ह्यातलं काहीच मध्ये येत नाही, क्लबलाही दबाव झेलावा लागत नाही, तो सरळ नियमाकडे बोट दाखवतो.

पण ह्याच नियमाची दुखरी बाजूही लगेच दिसली. जॅक डी बेलिन नावाचा खेळाडू, डिसेंबर २०१८ मध्ये लैंगिक अत्याचाराचा आरोप, त्याने तो नाकारला, नियमाविरुद्ध फेडरल कोर्टात गेला आणि मे २०१९ मध्ये हरला. मग खटला. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात एका आरोपातून सुटला, बाकीच्यांवर पुन्हा एकमत नाही, शेवटी २०२१ मध्ये सरकारी वकिलांनी केस मागे घेतली. तोवर त्याचे जवळपास अडीच सीझन गेले होते. पगार मिळाला, पण खेळाडूचं वय काही थांबत नाही, ऑफिसातला माणूस अडीच वर्षांनी परत येऊन त्याच खुर्चीत बसू शकतो, धावणाऱ्या माणसाचं तसं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की नियम हाच ठेवा पण दर सहा महिन्यांनी तटस्थ माणसाकडून फेरविचार होऊ द्या, खटला खेळाडूमुळे लांबलाय का कोर्टामुळे हे बघा, आणि लीगची स्वतःची चौकशी तोवर झाली असेल तर निव्वळ तारखांसाठी माणूस अडकवून ठेवू नका. दुसऱ्या बाजूने, तक्रार करणारीचा विचार केला तर ती आपली केस चालू असताना दर रविवारी ह्याच माणसाच्या नावाने स्टेडियम ओरडताना ऐकते, हेही काही छोटं नाही. दोन्ही त्रास खरे आहेत, आणि मला त्यातल्या त्यात पगार चालू ठेवून बसवणं कमी वाईट वाटतं.

पगारावरून आठवलं, फुटबॉलपटू बेंजामिन मेंडी. मँचेस्टर सिटीने २०२१ मध्ये आरोप दाखल झाल्यावर त्याचा पगारच थांबवला. २०२३ मध्ये तो सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटला, मग रोजगार न्यायाधिकरणात गेला आणि २०२४ मध्ये जिंकला, दावा होता १ कोटी १० लाख पाउंडच्या वर, त्यातला बराचसा भाग त्याला मिळायला हवा असा निकाल लागला, तो प्रत्यक्ष कोठडीत होता तेवढे महिने सोडून. म्हणजे क्लबचे पैसे वाचले का? नाही. उगाच तोंडघशी पडले.

आता खरा राग मला कशाचा आहे ते सांगते. बऱ्याचदा लीगला गुन्हा टोचत नाही, बोभाटा टोचतो. रे राइसचं प्रकरण बघा, २०१४. लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला मारलं, ती बेशुद्ध पडली, तिला ओढत बाहेर आणतानाचा व्हिडिओ तेव्हाच आला होता, लीगला सगळं माहीत होतं. एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगने, बंदी दिली २ सामन्यांची. दोन! मग लोक भडकले म्हणून ऑगस्टमध्ये नवा नियम आला की पहिल्या वेळेला साधारण ६ सामने. मग सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतला व्हिडिओ आला, त्याच दिवशी क्लबने त्याला काढलं आणि लीगने बेमुदत बंदी घातली, कारण काय तर म्हणे त्याने आम्हाला खरं सांगितलं नव्हतं. अपील झालं, माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी नोव्हेंबरमध्ये निकाल दिला की त्याने खोटं सांगितलेलं नव्हतं आणि त्याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा शिक्षा देता येणार नाही. म्हणजे लीगच्या घिसाडघाईमुळे बायकोवर हात उचलणारा माणूस कागदोपत्री केस जिंकला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्याने काय केलं होतं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं नव्हतं, एवढाच फरक.

त्याच लीगने नंतर निदान पहिला निर्णय बाहेरच्या माणसाकडे दिला. डेशॉन वॉटसनवर २० पेक्षा जास्त महिलांनी दिवाणी दावे केले होते, तो नाकारत होता, फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. लीग आणि युनियनने मिळून नेमलेल्या सू रॉबिन्सन यांनी २०२२ मध्ये ६ सामने दिले, लीगने अपील केलं, पण ते अपील पुन्हा कमिशनरकडेच, म्हणजे लीगच्या प्रमुखाकडेच, किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडे, आणि शेवटी तडजोड झाली ११ सामने नि ५० लाख डॉलर दंडावर. आणि आतली गंमत, नवीन क्लबने त्याच वर्षी २३ कोटी डॉलरचा गॅरंटीड करार करताना पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम १० लाखांच्या आसपास ठेवला होता, म्हणजे त्या वर्षीचे सामने बुडले तरी फारसं काही बुडत नव्हतं. बंदीची किंमत पगारावर मोजायची तर ती अख्ख्या करारावर मोजा, नाहीतर वकील लोक हुशार असतातच.

क्रिकेटकडे येते. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या नि के. एल. राहुल टीव्हीवरच्या चॅट शोमध्ये बायकांबद्दल जे बरळले त्यावरून बीसीसीआयने काही दिवसांत त्यांना निलंबित करून ऑस्ट्रेलियाहून परत बोलावलं, तेव्हा चौकशी करणारा बोर्डाचा लोकपालच नेमलेला नव्हता, म्हणून दोन आठवड्यांत निलंबन उठवलं, आणि एप्रिलमध्ये लोकपालांनी प्रत्येकी २० लाख दंड केला. बोलणं घाणेरडं होतं, वादच नाही. पण २०१८ मध्ये मोहम्मद शमीवर पत्नीने छळाचे गंभीर आरोप केले, ते त्याने फेटाळले, तेव्हा बोर्डाने करार रोखून धरला आणि चौकशी कशाची केली, तर मॅच फिक्सिंगच्या आरोपाची. त्यात काही सापडलं नाही, करार मिळाला. घरातल्या आरोपांचं पोलिस नि कोर्ट बघेल. शमी दोषी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, मला फक्त हे कळत नाही की टीव्हीवरच्या बडबडीला विमानाने परत आणतात आणि छळाच्या तक्रारीला बोर्डाकडे रकानाच नसतो.

आणि नियम नसला की किती हेलकावे बसतात ते संदीप लामिछानेच्या बाबतीत दिसलं. नेपाळचा कॅप्टन, २०२२ मध्ये बलात्काराचा आरोप, निलंबन, जामीन मिळाल्यावर २०२३ मध्ये निलंबन शिथिल करून परत संघात, स्कॉटलंडच्या खेळाडूंनी मॅचनंतर त्याच्याशी हात मिळवला नाही, मग जिल्हा न्यायालयाने दोषी ठरवलं, जानेवारी २०२४ मध्ये ८ वर्षांची शिक्षा, पुन्हा निलंबन, मे मध्ये अपिलात निर्दोष, आणि जूनमध्ये वर्ल्ड कप. त्याच्याशी हात न मिळवणारे चूक होते का बरोबर हे मी सांगणार नाही, पण तो निर्णय खेळाडूंवर का यावा? तो बोर्डाने घ्यायचा होता.

बाकी एक गोष्ट सगळ्यांना माहितीये पण कोणी बोलत नाही. हे सगळे गाजलेले वाद स्टार लोकांचे असतात. बेंचवरच्या पोरावर आरोप झाला की क्लब दुसऱ्या दिवशी करार रद्द करतो, ना चौकशी ना लवाद, बातमीही धड येत नाही. आपला तो बाब्या. म्हणून चौकशी नीट हवी ही मागणी मी स्टारच्या काळजीने करत नाहीये, त्याच्याकडे वकील असतोच.

जुन्या सोशल मीडिया पोस्टवरूनही खेळाडूला बसवावं का, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या मते ते ह्या यादीत धरूच नये. इंग्लंडचा बॉलर ऑली रॉबिन्सन, त्याचे वर्णद्वेषी नि बायकांबद्दलचे जुने ट्वीट २०२१ मध्ये लॉर्ड्सला पदार्पणाच्याच दिवशी बाहेर आले, लिहिले तेव्हा पोरगं १८-१९ वर्षांचं होतं. त्याला ८ सामन्यांची बंदी झाली पण त्यातले ५ स्थगित ठेवले नि उरलेले ३ आधीच धरले, वर ३,२०० पाउंड दंड. तिथं समोर कोणी मार खाल्लेलं माणूस नव्हतं, माफी मागायला जागा होती, आणि त्याने मागितली. मला ते पुरेसं वाटलं, माझ्या भावाला नाही वाटलं, त्यावर आमचं अजून भांडण होतं.