पत्र्यावरचा पाऊस आणि बाईंचा घसा

“मला हल्ली पोरांचा आवाजच सोसत नाही. मी वाईट शिक्षिका झाले काय हो?” बरेच शिक्षक हे मला खाली मान घालून, दबक्या आवाजात विचारतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बाईंनी मात्र मोठ्याने विचारलं. आम्हा दोघींत टेबलाएवढंच अंतर होतं, आणि त्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलत होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

घसा शाळा सुरू झाल्यापासून बसलेला. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायच्या. धाकटी लेक दप्तर टाकून शाळेतलं सांगायला लागली की “गप बस गं जरा!” तोंडातून निघून जायचं. आता ती सांगायलाच येत नव्हती. बाईंना खरा घोर होता तो हा.

मी त्यांना वर्ग कसा आहे ते विचारलं. एका हॉलात दोन वर्ग, मध्ये नुसती कपाटं, वर पत्रे. खानापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की पलीकडचे गुरुजी आवाज चढवतात, मग बाई, मग पोरं, आणि पुन्हा गुरुजी. हे कुणी मुद्दाम करत नाही. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी हे 1911 मध्येच नोंदवलंय. तास चालू असताना वर्गात इतर आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन माणसांचं साधं बोलणंसुद्धा 60 च्या आसपास जातं! दिवसभर अशा गोंगाटात ताणलेलं शरीर संध्याकाळी शिट्टीलाही दचकणारच. बाईंची माया आटली, असं मी कधीच म्हणणार नाही.

आधी त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. घसा 3 आठवड्यांहून जास्त बसला असेल तर पहिल्यांदा तिकडेच जायचं, हे मी सगळ्यांना बजावते. स्वरतंतूंना सूज होती, गाठी नव्हत्या. डॉक्टरांनी कुजबुजायलाही मनाई केली. त्यानेही घशावर ताण येतो.

शाळेत त्यांनी बाक मागे सारून पोरांना सतरंजीवर अर्धगोलात जवळ बसवलं. गुरुजींशी बोलून ठरवलं: तिकडे पाढे चालू असताना इकडे लेखन. आणि घरी लेकीला सांगितलं, “मी 15 मिनिटं परसात गप्प बसणार, मग तुझं सगळं ऐकणार.” मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं हेच. आधी सांगून घेतलेली शांतता पोराला लागत नाही, अंगावर ओरडलेलं लागतं.

तरीही, बाईंनी सोसायला शिकावं आणि हॉल तसाच राहावा, हे मला मान्य नाही. भिंत हवीच. शाळेच्या विकास आणि देखरेख समितीने (एसडीएमसी) तसा अर्ज दिलाय.

श्रावणात बाईंचा फोन आला. आवाज इतका हळू, की मीच फोन कानाला घट्ट लावला.

“आज पोरगी 15 मिनिटं थांबलीच नाही बघा. मध्येच परसात आली, मांडीवर डोकं ठेवलं आणि सांगत बसली.”


“मग?”

“ऐकलं की सगळं.”