आठ सीपीयू विकून ४,२०० आले, एक परत घ्यायला ६,५०० गेले

तुम्ही विचारलंय, सोलापुरात ऑफिसचे जुने कॉम्प्युटर द्यायला विश्वासाची ई-कचरा कंपनी कशी ओळखायची. जो जास्त पैसे देतो त्याला देऊ नका, एवढं आधी लिहून ठेवा.

सात रस्त्याजवळ माझं टॅक्सचं ऑफिस आहे. २०१९ मध्ये आठ सीपीयू आणि दोन जुने डबा मॉनिटर काढायचे होते. मेहुणा म्हणाला, "दाजी, माझ्या ओळखीचा आहे, रोख देतो, गाडीपण त्याचीच." त्याच्या कार्डावर हिरवं पान, आयएसओ, 'ई-वेस्ट रिसायकलिंग' असं सगळं छापलेलं. ४,२०० रुपये हातात ठेवले. पावती मागितली तर हसला.

वर्षभराने अक्कलकोटहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन. मुलासाठी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता, त्यात माझ्या लेटरहेडवर नंबर सापडला. सोबत माझ्या अशिलांचे ताळेबंद, पॅन कार्डं, बँक पासबुकं! माणूस सज्जन म्हणून निभावलं. त्याच दिवशी जाऊन तो सीपीयू ६,५०० ला परत घेतला. उरलेले सात कुठे आहेत, देव जाणे.

मेहुण्याचं अजून एकच पालुपद, "फॉरमॅट मारलं होतं की!" अहो, साध्या फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात. आता हार्ड डिस्क मी स्वतः काढून ड्रिलने आरपार भोकं पाडतो, मग बाकीचा माल देतो.

नंतर त्या 'कंपनी'चं गोदामही पाहिलं. वायरी जाळून तांबं काढत होते, मॉनिटर फोडून काचा नाल्याकडेला. त्या काचेत शिसं असतं. मेहुणा म्हणतो, सगळेच असं करतात. करत असतील, म्हणून मी माल द्यायचा?

तर तुमचं काम. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, त्यानुसार रिसायकलरची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. नाव आणि कारखान्याचा पत्ता तिथे जुळवून बघा. आयएसओ म्हणजे ही नोंदणी नव्हे. रिफर्बिशरची नोंदणी वेगळी, तो दुरुस्त करून विकतो, म्हणजे पुन्हा अक्कलकोट! माल तुम्ही स्वतः फोडता की पुढे पाठवता, हे तोंडावर विचारा. वजन आणि सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या. यूपीएसच्या बॅटऱ्या यात घालू नका, त्यांचे नियम वेगळे.

एक अडचण आहे. दोन-तीन नगांसाठी नोंदणीवाले लांबून गाडी पाठवायला कुरकुर करतात, कधी उलट आपल्याकडूनच भाडं मागतात. मी शेजारच्या चार ऑफिसांचा माल एकत्र केला. किंवा ज्या ब्रँडचा माल आहे त्यांच्याकडेच परत घेण्याची सोय विचारा.

शेवटच्या खेपेला मला मालाचे शून्य रुपये मिळाले. मेहुण्याला ही पावती मुद्दाम व्हॉट्सॲपवर पाठवलीय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.