पहिलं प्रदर्शन नायगावातच लाव

प्रिय मुली,

तुझा पेनड्राइव्ह पोहोचला. सगळे फोटो सावकाश पाहिले, काही पुन्हा काढून पाहिले. प्रदर्शनासाठी जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करू का, असं तू चिठ्ठीत विचारलं आहेस. जरूर कर. १९५२ पासून त्या वास्तूने या शहरातल्या कितीतरी होतकरूंना भिंत दिली आहे, आणि वरच्या टेरेस गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं लागत आली आहेत. पण तिथली तारीख मिळायला वर्षं जातात. तोवर हे फोटो हार्ड डिस्कमध्ये कोंडून ठेवू नकोस. आणि समजा उद्याच तारीख मिळाली, तरी माझा आग्रह हाच राहील: पहिलं प्रदर्शन नायगावात लाव, पुनर्विकासासाठी रिकाम्या होत चाललेल्या त्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींच्या आवारात, जिथे हे फोटो काढलेस तिथेच.

तिकडे जमत नाही म्हणून इकडे, असं मी म्हणत नाही. नायगावची परीक्षा अवघड आहे. काळा घोड्याला, जहांगीरमध्ये येणारा माणूस फोटोतली चौकट पाहील, उजेड पाहील, छान म्हणेल आणि पुढे जाईल. नायगावातला माणूस विचारेल, ही खोली कोणाची? ह्या पिंपावर झाकण होतं ते कुठे गेलं? म्हातारीला एकटीलाच का काढलंस, सून तर शेजारीच बसलेली असते! या प्रश्नांना पुरून उरणारे फोटो कुठेही टिकतात.

आता निवडीविषयी. तू पाठवलेल्यांत निम्म्याहून जास्त फोटो पोपडे उडालेल्या भिंतींचे, रिकाम्या खोल्यांचे, उखडलेल्या जिन्यांचे आहेत. उजेड सुरेख पकडला आहेस, त्यात शंका नाही. पण पडझडीचा फोटो बाहेरच्याला भावतो. ऐंशी खोल्यांच्या इमारतीत, १६० चौरस फुटांत ज्याचा जन्म गेला, त्याला ती भिंत रोजच दिसते. भिंतीपुढे काय चाललं होतं, ते त्याला तुझ्याकडून हवं आहे. तुझ्याकडे तो कपाटाचा फोटो आहे ना? बाई सुतळीने लोखंडी कपाटाची रुंदी मोजते आहे, सुतळीचं दुसरं टोक मुलाने दातात धरलंय, कारण त्याच्या दोन्ही हातांत उशा आहेत. मागे दारात पुठ्ठ्याचे खोके. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणारं कुटुंब काय नेतं, काय टाकून देतं, काय नेता येईल की नाही या काळजीत असतं, ते सगळं त्या एका सुतळीत आलंय. असे फोटो तुझ्याकडे वीसेक आहेत. तेवढेच लाव. रिकाम्या खोल्यांचे दोन पुरेत.

एक उणीव मात्र भरून काढ. तुझ्या फोटोंत संध्याकाळ नाही. पॅसेजच्या टोकाकडून सकाळचं ऊन आत येतं, म्हणून तू सकाळीच जातेस, हे कळतं. पण चाळ संध्याकाळी भरते. कामावरून परतलेली माणसं, खाली कॅरमभोवतीचा घोळका, अभ्यासाला पॅसेजमध्ये बसलेली पोरं. इमारती उतरवायचं काम सुरू आहे, ही संध्याकाळ पुन्हा मिळणार नाही. उजेड कमी असेल तर कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढव, फोटोत दाणे आले तर येऊ देत. आणि फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो मिळवून बघ. ओलव्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, पण मी सांगतोय ते त्यासाठी नाही. ज्या कामाकडे शहर नाक दाबून पाठ फिरवतं, त्या कामातल्या माणसांच्या ते किती जवळ जाऊन उभे राहिले, तेवढं पाहा.

यापुढचं नीट वाच, कारण बहुतेक नवे फोटोग्राफर इथे घाई करतात. फोटोओळी.

मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या पहिल्या मंडळींपैकी एक. त्याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो काढून १८६०च्या दशकात दोन खंडांत छापले. बऱ्याच फोटोंत माणसं एकीकडे टिपायची, त्यांच्या आकृत्या कापून घ्यायच्या आणि मागे मुंबईचा देखावा जोडायचा, असं तंत्र होतं. माणूस ओळखायचा तो जातीवरून आणि धंद्यावरून. समोर उभं राहणाऱ्याचं नाव विचारावं, असं कोणाला वाटलं नाही. दीडशे वर्षं उलटली, तरी आपल्या प्रदर्शनांत ‘एक कोळीण’, ‘चाळीतील वृद्ध’, ‘निरागस बालपण’ अशा ओळी लागतात. त्या वाचल्या की मला राग येतो. ज्याच्या घरात शिरून तू फोटो काढलास, त्याचं नाव तुला ठाऊक आहे. मग ते लिही. त्याला नको असेल तर लिहू नकोस, पण ते त्याने ठरवायचं.

लालबागच्या एका व्यायामशाळेत एका मुलाने गिरणगावातल्या जुन्या माणसांचे फोटो लावले होते. मी मदतीला होतो. एका आजींच्या फोटोखाली ओळ होती, ‘गिरणी कामगाराची पत्नी’. दुसऱ्या दिवशी त्या आजी स्वतः आल्या. चष्मा वर करून ओळ वाचली, आणि म्हणाल्या, “बायको तर होतेच. पण गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात कामगार म्हणून माझं स्वतःचं तिकीट होतं. संपात माझाही पगार बुडला.” मग अभिप्रायाच्या वहीजवळचं बॉलपेन घेऊन त्यांनी ‘ची पत्नी’ खोडलं. आता ओळ झाली, ‘गिरणी कामगारा’. त्यावर नातीने पुढे होऊन शेवटचा काना खोडला. त्या मुलाने ती ओळ बदलून छापली नाही, खाडाखोडीसकट शेवटपर्यंत ठेवली. त्या संध्याकाळपासून लोक तिथे जास्त वेळ थांबू लागले. १९८२च्या गिरणी संपाबद्दल इतकं छापून आलंय, पण वायंडिंगमधल्या बायकांबद्दल त्या भिंतीपुढे जे बोललं गेलं, ते मी कुठे वाचलेलं नाही.

म्हणून फोटोओळी तू एकटीने लिहू नकोस. प्रत्येक फोटोची सहा बाय चारची प्रिंट काढ आणि घरोघरी दे. चहा घेत बस. ‘या फोटोखाली काय लिहू?’ असं विचार आणि ते सांगतील तसं लिहून घे, त्यांच्याच शब्दांत. मराठीत, मोठ्या ठळक अक्षरात, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल असं. इमारत क्रमांक, मजला, महिना आणि साल न चुकता घाल. याच भेटीत लावण्याची परवानगीही माग. फोटो काढताना ‘हो’ म्हटलेला माणूस भिंतीवर लावायला ‘हो’ म्हणेलच असं नाही. कोणी नको म्हणालं तर कारण न विचारता तो फोटो बाजूला ठेव, तो कितीही चांगला असो. विशेषतः घर कोणाच्या नावावर, यावरून भावाभावांत वाद चालू असलेल्या खोल्यांचे फोटो लावताना दहादा विचार कर. पुनर्विकासाच्या काळात एखादा फोटो पुरावा म्हणूनही वापरला जाऊ शकतो.

जागेसाठी लांब शोधायला नको. मंडळाचा हॉल आहे, कामगार कल्याण केंद्र आहे, शाळेचं सभागृह आहे. मला सगळ्यात आवडेल तो मंडळाचा मांडव. हिवाळ्यातला एखादा उत्सव संपल्यावर डेकोरेटर मांडव लगेच सोडत नाही, एखाद-दोन दिवस तो उभा असतो. कार्यकर्त्यांना आधी सांगून ते दोन दिवस मागून घे. वायरिंग झालेलं असतं, कनाती असतात, आणि मुख्य म्हणजे तिथे यायची लोकांना सवय असते. पावसाळ्यातलं मात्र काही ठरवू नकोस. आपल्या दमट हवेत कागद फुगतो, डबल टेप सुटते, आणि सकाळी येऊन बघावं तर फोटो जमिनीवर. दिवाळीनंतर ते जानेवारी संपेपर्यंतचा काळ उत्तम. पुढे परीक्षा लागतात.

छपाईत उगाच खर्च करू नकोस. १२ बाय १८ची प्रिंट दादर-फोर्टमध्ये सहज होते, ती सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, चिकटवून घे. मॅट घे, चकचकीत नको, मांडवातल्या हॅलोजनखाली चकचकीत कागदावर नुसता दिवाच दिसतो. चार-पाच फोटो मोठे कर. तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ३० बाय २० इंचांपर्यंत इंचाला २०० ठिपके मिळतात, तेवढे भरपूर झाले. सगळं एकदम छापायला टाकू नकोस. आधी एका फोटोची पट्टी काढून बघ, माणसांच्या कातडीचा रंग नीट येतोय का ते पाहा. आपल्याकडचे प्रिंटवाले न सांगता चेहरे उजळ करतात. ‘जसा आहे तसाच हवा’ असं समोर उभं राहून सांग. गॅलरीत फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर धरतात. तू थोडा खाली घे, पोरं आणि खुर्चीत बसलेले आजी-आजोबा हेच तुझे खरे प्रेक्षक. खुर्च्या ठेवायला विसरू नकोस. वेळ संध्याकाळी सहा ते दहा ठेव, आणि बायकांसाठी दुपारी दोन तास. नळाला पाणी यायच्या वेळी उद्घाटन ठरवलंस तर कोणी येणार नाही.

पैशांबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगतो. या पुनर्विकासात ज्याचा पैसा गुंतलाय, त्याच्याकडून प्रदर्शनाचा खर्च घेऊ नकोस. नवी घरं मिळताहेत याचा लोकांना आनंद आहे, तो तुझ्या फोटोंत दिसायलाच हवा. पण तो आनंद ठेकेदाराच्या लोगोखाली टांगलास, तर त्याची जाहिरात होते. शेजारच्या दुकानदारांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढ, पावती दे, आणि जमाखर्च दाराशी लाव. मंडळं हे वर्षानुवर्षं करत आली आहेत, तेच तुला शिकवतील. नेतेमंडळी येणारच, येऊ देत. फीत मात्र फोटोतल्या माणसाने कापायची.

एखादी संस्था तुला पैसे देऊन आणखी फोटो काढायला सांगेल, हेही होईल. तेव्हा आधी कागद कर. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. पुष्कळ मुलांना हे खूप उशिरा कळतं.

वस्तीतलं प्रदर्शन म्हणजे हौशी काम, असं तुझ्या कॉलेजात कोणी म्हणालं, तर त्यांना ढाक्याचं सांग. तिथले फोटोग्राफर शाहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये दृक् ही फोटोंची संस्था काढली. त्यांच्या छोबी मेळा या फोटो महोत्सवातले फोटो सायकल रिक्षांवर लादून गल्ल्यांतून फिरवले गेले आहेत. २०१० मध्ये पोलिसांनी त्यांच्या एका प्रदर्शनाची गॅलरी अडवली, तेव्हा उद्घाटन रस्त्यावर झालं. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये मायकेल केंबर या युद्धभूमीवर काम केलेल्या फोटोग्राफरने २०११ मध्ये ब्राँक्स डॉक्युमेंटरी सेंटर ही फोटो गॅलरी आणि शिकण्याची जागा सुरू केली. तिथे जगभरातलं काम मोहल्ल्यातल्या लोकांना फुकट पाहायला मिळतं, आणि त्याच भागातली शाळकरी मुलं तिथे फुकट फोटोग्राफी शिकतात. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. तुझ्या भिंतीवर दोन-तीन जागा मोकळ्या ठेव आणि चाळीतल्या मुलांनी मोबाइलवर काढलेले फोटो तिथे लाव. तुझ्याच आकारात, तुझ्यासारखीच ओळ आणि नाव घालून. कोपऱ्यात, ‘बालविभाग’ अशी पाटी लावून नको.

प्रदर्शन उतरल्यावर प्रिंट ज्याच्या त्याला देऊन टाक. त्याआधी एक पूर्ण संच वेगळा ठेव, मागे पेन्सिलीने नाव, इमारत, खोली, तारीख लिही. बीडीडीच्या एकूण २०७ इमारती, त्यातल्या ४२ नायगावात, शंभर वर्षांच्या. त्या उतरल्या की कोण कुठे राहत होतं, हे सांगायला कागदच उरतील. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालची संस्था. तिथे जाऊन संच ठेवून घ्याल का, असं विचारून बघ. मंडळाकडेही एक दे.

आता आधी संध्याकाळचे फोटो काढ. मग सगळ्यांच्या सहा बाय चारच्या प्रिंट घेऊन ये, आपण जमिनीवर पसरून वीस निवडू. येताना एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याला किंवा शेजारच्या काकूंना बरोबर आण, निवडीत त्यांचं मत हवंच. आणि कपाटवाल्या बाईंना अजून प्रिंट दिली नसशील, तर आज देऊन ये.

कळावे,
काका